आइसलँडसारख्या बर्फाळ, विरळ वस्तीच्या देशात स्काउट चळवळ कशी रुजली?

लवकर रुजली. 1912 मध्ये राजधानी रेक्याविकमध्ये पहिलं पथक निघालं, तेव्हा आइसलँड अजून डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. दहा वर्षांनी मुलींची पथकं आली. 1924 मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि 1944 मध्ये, म्हणजे देश प्रजासत्ताक झाला त्याच वर्षी, मुलामुलींच्या संघटना एक झाल्या.

पण खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे स्काउट म्हटलं की गळ्यातला स्कार्फ, गाठी आणि 26 जानेवारीचं संचलन आठवतं. तिथे मात्र हवामान घटकेत फिरतं आणि माणसं डोंगरात, हिमनद्यांवर अडकतात. देशाला स्वतःचं सैन्यही नाही. मग गाठी बांधायला, नकाशा वाचायला, प्रथमोपचार करायला शिकलेली ही पोरंच मोठी झाल्यावर शोधकार्याला बाहेर पडू लागली. रेक्याविकच्या स्काउटांचं बचाव पथक 1932 चं. अशी पथकं पुढे इतर बचाव संस्थांमध्ये मिसळत गेली आणि 1999 मध्ये आजची राष्ट्रीय बचाव संघटना तयार झाली. तिथले लोक आजही बिनपगारी स्वयंसेवक आहेत. खर्चाचा मोठा वाटा नववर्षाच्या फटाके विक्रीतून निघतो (हो, फटाके!).

उल्फ्ल्योट्सवाट्न तळ्याकाठी स्काउटांचं मोठं केंद्र आहे. 2017 च्या जागतिक रोव्हर (म्हणजे मोठ्या वयाच्या स्काउटांच्या) मेळाव्याला जगभरातले सुमारे 5,000 तरुण आइसलँडला गेले, तेव्हा मुख्य तळ तिथेच पडला होता. एप्रिलमध्ये ‘उन्हाळ्याचा पहिला दिवस’ साजरा होतो. त्या मिरवणुकीतही स्काउट पुढे असतात, अंगावर बर्फ पडत असला तरी.