मागच्या शॉकची घरगुती सर्व्हिसिंग: 26 हजारांतले 7 हजारच खर्चा

वाळपईच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: त्यांनी जुनी फुल सस्पेन्शन माउंटन बाइक घेतली असून मागचा शॉक (मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग) सर्व्हिसिंगसाठी दर वेळी गोव्याबाहेर पाठवावा लागतो, त्यापेक्षा 26,000 रुपयांची सगळी अवजारे क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घेऊन हे काम घरीच करावे का?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन वेगळी कामे एकाच हिशेबात धरली आहेत. एअर कॅन, म्हणजे शॉकची हवा धरणारी बाहेरची नळी, उघडून पुसणे, सील बदलणे आणि नवे ग्रीस लावणे हे काम साधारण 50 तासांच्या सायकलिंगनंतर येते, तर डॅम्परचे, म्हणजे शॉकची उसळी आवरणाऱ्या आतल्या भागाचे, तेल बदलून नायट्रोजन भरण्याचे काम शॉकच्या मेकनुसार 125 ते 200 तासांनी. तुम्ही वर्षाला सुमारे 150 तास सायकल चालवता; म्हणजे पहिले काम तीनदा आणि दुसरे फार तर एकदा, आणि डॅम्परसाठी शॉक बाहेर जाईल तेव्हा एअर कॅनचेही काम तिथेच होईल. घरी करण्याजोगी उरतात ती दोन.

तुम्ही कळवलेल्या दरांनुसार या दोन खेपांना कुरियरसह प्रत्येकी 4,700, म्हणजे 9,400 रुपये जातात. घरी प्रत्येकी 1,800 ची दोन सील किट धरली, तरी वर्षाला 5,800 वाचतात, त्यामुळे शॉक पंप, टॉर्क रेंच, ग्रीस आणि तेल यांचे 7,000 सुमारे सव्वा वर्षात वसूल होतात. उरलेले 19,000 केवळ नायट्रोजनच्या साहित्याचे आहेत, आणि ते मी घेऊ देणार नाही. वर्षातून एकदा गणपतीपुढे माटोळी (फळाफुलांची टांगती आरास) बांधायची म्हणून कोणी कुळागर (सुपारी-नारळाची बाग) विकत घेत नाही.

हप्त्यांचा विचार सोडा. कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि चवथीचा (गणेशचतुर्थीचा) खर्चही तोंडावर आहे. 7,000 रुपये चवथीनंतर रोखीने द्या.

एक जोखीम मात्र आकड्यांत दिसत नाही. मोटारीच्या टायरात 32 पीएसआयच्या आसपास हवा असते, शॉकमध्ये ती सहज 200 असते. कॅनला हात लावण्यापूर्वी हवा सावकाश सोडावी, मधूनमधून शॉक दाबत राहावे. सगळी हवा सोडूनही शॉक दबलेलाच राहिला, तर आत दाब अडकला आहे असे समजून तो न उघडता वर्कशॉपकडे द्यावा.

अवजारे घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करा. सायकल जुनी आहे आणि आपल्याकडची तांबडी माती पावसात सीलच्या ओठाशी साचून घासकागदासारखी घासते. शॉकचा चकचकीत दांडा पुसून त्यावरून नख फिरवा. नख कुठे अडले, तर नवे सील घालूनही हवा गळत राहण्याचा संभव आहे. तसे आढळल्यास काहीही खरेदी न करता मला पुन्हा लिहा, कारण मग जुन्या सायकलीत नव्या शॉकचे 45,000 घालायचे की नाही, हे आधी ठरवावे लागेल.