घोडीचं वर्ष खुरावर मोजा

तबेल्यातले प्रश्न : वाचकांच्या पत्रांना पशुवैद्यकाची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरताई, दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याहून चार वर्षांची मारवाडी घोडी आणली. आजोबांनंतर आमच्या दावणीला आलेलं हे पहिलंच घोडं. नव्या वर्षाची यादी केली आहे : पाडव्यापर्यंत रवाल चाल (स्वाराला हिसके न देणारी झपझप चाल), श्रावणापर्यंत नाच, दिवाळीनंतर लग्नाच्या वराती. विकणाऱ्याने काटेरी लगाम दिला आहे. सकाळी चार किलो भिजवलेला हरभरा एकदम घालतो. घरचं कडवळही (चाऱ्याची हिरवी ज्वारी) भरपूर आहे. यादीत काही राहिलं का?
— एक शेतकरी, इंदापूर तालुका

उत्तर : यादीत घोडीच राहिली. चाल, नाच, वरात हे सगळं तुम्हाला हवं आहे. हौस वाईट नाही, पण या वर्षाची उद्दिष्टं मी वेगळी लिहून देते.

आधी तिचा पुढचा पाय उचला आणि खुराचा दर्शनी भाग बघा. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. केस संपतात तिथे आज तयार झालेला खूर जमिनीला टेकायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे गेल्या वर्षभरातला ताप, उपासमार, खुराकातला अचानक बदल अशा गोष्टींच्या आडव्या वळ्या खुरावर दिसू शकतात. विकणाऱ्याने काय सांगितलं ते सोडा, खूर वाचा. आजच चारही खुरांचे समोरून आणि बाजूने फोटो काढा. पुढच्या दत्तजयंतीला तिथे नवा खूर असेल, आणि तो गुळगुळीत, सरळ, न तडकलेला उतरला पाहिजे. वर्षाचं पहिलं उद्दिष्ट हेच. त्यासाठी नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी आलाच पाहिजे. नाल झिजली नाही म्हणून पुढच्या महिन्यात बघू, असं चालत नाही. नाल तशीच राहते, खूर वाढतच असतो.

आता चार किलो हरभरा. तो असा एकदम घालणं आजपासून बंद. घोड्याला उलटी होत नाही, पोट लहान असतं. एकदम घातलेलं धान्य नीट न पचता मोठ्या आतड्यात जातं, तिथे आंबतं, आणि मग पोटशूळ तरी होतो नाहीतर खुराच्या आतला भाग सुजतो. खूर सुजलेली घोडी मागच्या पायांवर भार टाकून उभी राहते, पुढचे पाय पुढे ताणते. ते चित्र एकदा पाहिलं की माणूस चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, मापाने घालायला लागतो.

माप कसं काढायचं? सुतळी घ्या, शिवणाची टेप अपुरी पडते. कोपराच्या मागून, पाठीच्या उंचवट्यावरून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. समजा घेर 165, लांबी 150. वजन 344 किलो आलं. अशा घोडीला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे पाच ते सात किलो सुका चारा लागतो, तोही दिवसभर थोडा थोडा. तिच्या पोटात आम्ल सतत तयार होतं, तोंड रिकामं राहिलं की अल्सर. हलक्या कामाला धान्य थोडंच पुरतं, आणि एका वेळी किलोच्या वर नको. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, चारा आधी वाढवा. मापाचा कागद तबेल्यात चिकटवा आणि दर महिन्याला सुतळी लावा. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात. मानेवर चरबीचा कडक वरवंटा होऊ देऊ नका, आपल्याकडे त्याला ‘तब्येत’ म्हणतात!

कडवळ मात्र अजिबात नको. हिरव्या ज्वारीवर पोसलेल्या घोड्यांचं मूत्राशय निकामी होतं, मागचे पाय लडखडतात. गाईला चालतं ते घोडीला चालत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कोंबडीखाद्यही लांब ठेवा. त्यात घातलेली काही औषधं घोड्याच्या हृदयाला घातक असतात. एखादं पोतं फुटलं आणि घोडी तिथे पोहोचली तर वाचवणं कठीण.

यात्रेतून आलेलं जनावर दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळं बांधावं. तिच्याबरोबर ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला नसेल तर सरकारी दवाखान्यात रक्त द्या. हा रोग माणसालाही होतो, म्हणून त्यात संकोच नको. धनुर्वाताची लस चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि मग दर वर्षी, कारण घोड्याइतकं धनुर्वाताला नाजूक जनावर क्वचितच असेल. जंताचं औषध अंदाजाने पाजू नका, आधी लीद तपासा. पावसाळ्यात घोडमाश्या वाढल्या, अधूनमधून ताप येऊन पोटाखाली, पायांवर सूज दिसली, तर सर्रा, म्हणजे माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग, असू शकतो. त्या दिवशी वाट बघू नका, डॉक्टरांना बोलवा.

नाडीचंही एक काम आहे. जबड्याखालची नाडी रोज सकाळी मोजा. शांत उभ्या घोडीची मिनिटाला 28 ते 44 असते. महिनाभर मोजलीत की तिचा आकडा तुम्हाला ठाऊक होईल आणि एखाद्या रात्री तो 60 दिसला तर डॉक्टरांना फोन करताना ‘काहीतरी बिघडलंय’ एवढंच सांगावं लागणार नाही.

आता तुमची यादी. काटेरी लगाम फेकून द्या. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांच्या क्रौर्यप्रतिबंधाचे 1965 चे नियम काटेरी लगामाला मनाई करतात, आणि नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. शिवाय तिचं वय चार आहे हे विकणाऱ्याने सांगितलेलं. ओठ उघडून बघा : कोपऱ्याचे दुधाचे दात साडेचारच्या आसपास पडतात. ते अजून तोंडात असतील तर हिरड्या दुखत्या असतात आणि लगाम झटकणं हा हट्ट नसतो. मागच्या पायांवर उभं करून नाचवायला पाठ आणि मागचे सांधे अजून कोवळे आहेत. नाच या वर्षी नाही. वरातीचा बँड आणि फटाके तर लांबच.

त्याऐवजी हे शिकवा : मोरकी (तोंडावरची दोरी) घालताना मान खाली करणं, चारही पाय नालबंदाच्या हातात निवांत देणं, माणूस चढेपर्यंत हलायचं नाही, टेंपोत स्वतःच्या पायांनी चढणं. घोडं दाब सुटला की शिकतं. लगाम ओढलात आणि ती थांबली, तर त्याच क्षणी हात ढिला झाला पाहिजे. उशिरा सोडलात तर थांबण्याचा फायदा तिला कळतच नाही. श्रावणापर्यंत दोन बोटांच्या ओढीने ती थांबू लागली तर रवालीचं पुढच्या वर्षी बघू. इंदापूरच्या एप्रिल-मेमध्ये काम सकाळी आठच्या आत उरका आणि पाण्याच्या बादल्या भरलेल्या ठेवा, दिवसाला तीस-चाळीस लिटर ती सहज पिते.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, वर्षभर घोडेस्वारी शिकते आहे. यंदा एक मीटरची उडी मारायचीच, असं तिने भिंतीवर लिहिलं आहे. आई म्हणून मी काय करू?
— पुणे

उत्तर : भिंतीवरचं तसंच राहू द्या, त्याखाली तिला दोन ओळी लिहायला सांगा. एक : रिकिबीशिवाय दुडक्या चालीत लगामाला न लोंबकळता वर्तुळ पूर्ण करणं. दोन : स्वारी झाल्यावर स्वतः खोगीर उतरवणं, तंगाखालचा (खोगिराच्या पोटपट्ट्याखालचा) घाम पुसणं, खरारा करणं, खुरातली माती काढणं. हे तिच्या क्लबमध्ये फक्त मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा) करत असेल, तर मॅनेजरकडे वेळ मागून घ्या. फी देता, तर तेवढं मागायचा तुमचा हक्क आहे. उडी कधी घ्यायची ते तिचा प्रशिक्षक तिची बैठक बघून ठरवेल. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बाहेरून शाबूत दिसलं तरी बदला आणि मोठ्या बहिणीचं जुनं वापरू देऊ नका.