केमो चालू असतानाच पॅलिएटिव्ह केअर कशाला?

तुम्ही विचारलंय की वडिलांचा फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे, केमो चालू आहे आणि डॉक्टर आत्ताच पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना (आजाराच्या उपचारांसोबत दुखणं आणि मनाचा त्रास कमी करणाऱ्या टीमला) भेटा म्हणतात, म्हणजे त्यांनी हात टेकले का?

नाही हो. बरेच डॉक्टर हे फार उशिरा सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी वेळेवर सांगितलं.

याच आजारावरचा बॉस्टनमधला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नुकतंच निदान झालेले १५१ रुग्ण होते. काहींना फक्त नेहमीचे उपचार, बाकीच्यांना त्याच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम. टीम असलेल्यांपैकी १६ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं दिसली, नसलेल्यांत ३८ टक्क्यांत. आयुष्यही सरासरी अडीच-पावणेतीन महिन्यांनी जास्त निघालं. अर्थात एका हॉस्पिटलातला अभ्यास आहे, त्यावरून वडिलांचे महिने मोजत बसू नका.

आणि ‘पॉझिटिव्ह राहा, कॅन्सर पळतो’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावा. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये गटात बसून मन मोकळं केल्याने आयुष्य वाढतं, असं १९८९च्या एका अभ्यासात दिसलं होतं. २००१च्या मोठ्या अभ्यासात तसं काही निघालं नाही. पण त्या बायकांचं दुखणं आणि मनाचा त्रास कमी झाला, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

आमच्या सासूबाई आम्हाला कायम ‘बरंय’ म्हणायच्या. पॅलिएटिव्ह टीमच्या घरी आलेल्या सिस्टरने आम्हाला बाहेर बसवून विचारलं, तेव्हा कळलं की दुखण्यामुळे त्या रात्र रात्र जाग्या असतात. मॉर्फिन सुरू झालं. त्याने पोट हमखास गच्च होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषधही त्याच दिवशी लिहून दिलं. मग सिस्टर माझ्या नवऱ्याकडे वळल्या, ‘तुम्ही शेवटचं कधी झोपलात?’ हे विचारणं त्यांच्या कामाचाच भाग असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअरचं केंद्र १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत. आधी तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. फाइल आणि चालू औषधं सोबत न्या. आणि पहिल्या भेटीत वडिलांना थोडा वेळ एकट्याने बोलू द्या, मध्ये उत्तरं तुम्ही देऊ नका.