डाय भरलेली दिसते, तरी ब्लोहोल का येतात?

प्रश्न : साकीनाक्याला आमचा अॅल्युमिनियमच्या प्रेशर डायकास्टिंगचा, म्हणजे वितळलेला धातू डायमध्ये (धातूच्या साच्यात) दाबाने भरून नग काढण्याचा, लहान कारखाना आहे. पंपाच्या एका हाउसिंगची डाय बनवण्यापूर्वी आम्ही संगणकावर सिम्युलेशन करून घेतले होते. त्यात डाय कोपऱ्यापर्यंत नीट भरलेली दिसते. प्रत्यक्षात मात्र मशीनिंग करताच ब्लोहोल, म्हणजे धातूच्या आतली भोके, उघडे पडतात. सिम्युलेशन चुकीचे समजायचे, की डाय बदलायची?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : डायला हात लावण्याआधी एक रिजेक्ट नग भोकाच्या जागी कापून भिंगाखाली पाहावा. भोक गोलसर आणि आतून गुळगुळीत असेल, तर तेथे हवा किंवा वंगण जळून झालेला वायू अडकला आहे. खरबरीत आणि वेडेवाकडे असेल, तर धातू गोठताना आकसला आहे, आणि मग दोष भरण्यात नसून गोठण्यात शोधावा लागेल. पुढील विवेचन भोके पहिल्या प्रकारची आहेत असे धरून केले आहे.

सिम्युलेशनची बहुतेक सॉफ्टवेअर वापरतात ती पद्धत हर्ट आणि निकोल्स यांनी 1981 मध्ये मांडली. डायची पोकळी लहान लहान घरांत विभागून प्रत्येक घराला शून्य ते एक असा आकडा दिला जातो : एक म्हणजे धातूने भरलेले घर, शून्य म्हणजे रिकामे, आणि मधला आकडा असेल तेथे धातूचा मोकळा पृष्ठभाग. मात्र गणित लवकर आटोपावे म्हणून अनेकदा रिकाम्या घरांतली हवा हिशेबातच घेतली जात नाही. अशा गणितात पोकळी नेहमीच भरते, कारण धातूला अडवणारे तेथे काहीच नसते. म्हणून सिम्युलेशन करून देणाऱ्या सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, की हवेचा दाब आणि एअर व्हेंटमधून (हवा जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक फटींतून) तिचे बाहेर पडणे गणितात धरले होते का.

दुसरा प्रश्न घरांच्या आकाराचा. गेटची, म्हणजे धातू पोकळीत शिरतो त्या अरुंद तोंडाची, जाडी दोन मिलिमीटर आणि घर एक मिलिमीटरचे असेल, तर धातूच्या सर्वांत वेगवान जागी जाडीत फक्त दोनच घरे येतात. घर अर्धे केले तर घरांची संख्या आठपट होते, काळाचे टप्पेही दुप्पट घ्यावे लागतात, म्हणजे काम सुमारे सोळापट वाढते. घाईच्या कामात येथेच काटकसर होते. त्यातही गेटमधून धातू सेकंदाला 30 ते 60 मीटर वेगाने शिरतो. वितळलेल्या अॅल्युमिनियमचा पृष्ठताण पाण्याच्या दहापटीहून अधिक असला, तरी या वेगापुढे तो टिकत नाही आणि धार फुटून तिचे तुषार होतात. हे तुषार घरांपेक्षा बारीक असल्याने पडद्यावर जी सलग धार दिसते ती सरासरी असते, हे ध्यानात ठेवावे.

आणि शॉट स्लीव्ह, म्हणजे वितळलेला धातू आधी ओततात ती नळी! माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते, कारण पुष्कळ सिम्युलेशने थेट गेटपासून सुरू केली जातात. स्लीव्ह अर्धवट भरलेली असते. पहिल्या, संथ टप्प्यात प्लंजर (धातू पुढे ढकलणारा दट्ट्या) गरजेपेक्षा जोरात गेला तर धातूची लाट उलटून हवेला पोटात घेते. फार हळू गेला तर लाट पुढे निघून जाते, टोकाला आपटून परतते आणि हवा मागे कोंडली जाते. ही हवा डायमध्ये शिरण्याआधीच धातूत मिसळलेली असते, त्यामुळे गेट कितीही सुधारले तरी ती जात नाही. प्लंजरचा संथ वेग बदलायला मात्र नवी डाय लागत नाही, म्हणून सुरुवात तेथून करावी.

त्यानंतर शॉर्ट शॉट काढावेत, म्हणजे प्लंजरचा स्ट्रोक मुद्दाम अलीकडे थांबवून अर्धवट भरलेले नग काढावेत आणि पडद्यावरच्या त्याच टप्प्याच्या चित्रांशेजारी ठेवून पाहावेत. प्लंजर थांबल्यावरही धातू जडत्वाने थोडा पुढे धावतो, त्यामुळे तंतोतंत मेळ अपेक्षू नये. पण धातूचे दोन प्रवाह जेथे भेटतात ती जागाच निराळी निघाली, तर सिम्युलेशन स्लीव्ह आणि हवा धरून पुन्हा करून घ्यावे, आणि ओव्हरफ्लो (पुढे आलेला, हवा मिसळलेला धातू साठवणारे बाजूचे कप्पे) व व्हेंट कोठे हलवायचे ते त्या निकालावरून ठरवावे.