शेपटी कोणती लावू?

प्रश्न (मिरज) : मी ब्रिटिश व्हल्कन बॉम्बरचं १:७२ मापाचं मॉडेल करतोय. जमवलेल्या फोटोंपैकी एकात शेपटी बारीक आहे, दुसऱ्यात फुगीर. एकात उभ्या पंखाचं टोक गोलसर, दुसऱ्यात चौकोनी. एकात तर पंखाखाली लांबट डबा लटकतोय. यातलं खरं कोणतं? आणि 'विंडो' म्हणजे काय?

उत्तर : सगळंच खरं. आधी साल ठरवा, मग ब्लेड हातात घ्या. माझी वायुदलातली नोकरी रेडिओ-रडारच्या दुरुस्तीत गेली. एकाच स्क्वाड्रनच्या दोन विमानांत आतलं सामान सारखंच असेल, असं आम्ही कधी गृहीत धरलं नाही. समोरच्याचं रडार बदललं की आपला जॅमर (त्या रडारला गोंधळवणारं यंत्र) बदलतो, आणि जॅमर बदलला की विमानावर कुठेतरी नवा उंचवटा येतो.

बारीक शेपटी व्हल्कनच्या मूळ आवृत्तीची, बी.१ ची. पुढच्या बी.१ए आणि बी.२ आवृत्त्यांना ती फुगवली, कारण आत 'रेड श्रिम्प' जॅमर आणि मागून येणारं लढाऊ विमान दाखवणारं 'रेड स्टीअर' रडार बसवायचं होतं. (नावावरून काम कळू नये म्हणून ब्रिटिशांनी ही रंगीत नावं ठेवली. श्रिम्प म्हणजे कोळंबी, पण तिचा तिथे काही संबंध नाही.) व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांवर) चालणारे ते जॅमर इतके तापायचे की त्यांना ग्लायकॉल फिरवून थंड ठेवावं लागे. उजवीकडच्या दोन इंजिनांच्या नळकांड्यांमधली चपटी पाटी मात्र विसरू नका. रेड श्रिम्पचे एरियल तिच्यावरच होते, आणि बऱ्याच जणांची नेमकी तीच लावायची राहून जाते. काही विमानांवर नंतर डावीकडेही तशी पाटी आली, म्हणून मॉडेलवर जो क्रमांक टाकणार, त्याच विमानाचा फोटो शोधा.

चौकोनी टोक १९७० च्या दशकातलं. शत्रूचं रडार आपल्यावर रोखलंय, हे सांगणारं यंत्र त्यात आहे.

लटकणारा डबा १९८२ च्या फॉकलंड युद्धातला. एएलक्यू-१०१ हा अमेरिकी जॅमर बुकॅनिअर विमानांसाठी घेतलेला होता, तो घाईघाईने व्हल्कनला लावला. त्यासाठीचा पायलन (पंखाखाली डबा टांगायचा खांब) वॅडिंग्टनच्या तळावरच साध्या पोलादातून बनवला. तो अडकवायला पंखात जागा आयती मिळाली, कारण १९६२ मध्ये रद्द झालेल्या स्कायबोल्ट क्षेपणास्त्रासाठी केलेली सोय तशीच पडून होती. तेव्हा डबा लावलात तर १९८२ प्रमाणे पोट गडद राखाडी रंगवा. पांढऱ्याशुभ्र व्हल्कनखाली तो डबा म्हणजे शुद्ध थाप.

तुम्ही 'विंडो'बद्दलही विचारलंय. त्या रडारला चकवायला हवेत सोडायच्या धातूच्या पट्ट्या. पट्टीची लांबी रडारच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी ठेवतात : १० सेंटिमीटरच्या रडारला ५ सेंटिमीटर, ३ च्या रडारला दीड. तुम्ही मिरजेचे, म्हणून सांगतो : सतारीची तरफेची तार जशी आपल्याच स्वराला झंकारते, तशी ही पट्टी आपल्या मापाच्या लहरीलाच जोरात उत्तर देते. मॉडेलवर हे दाखवायला जाऊ नका, कचरा वाटेल.

प्रश्न (कराड) : एका चित्रात कॅनबेरा बॉम्बरच्या नाकावर फोडांसारखे उंचवटे दिसले. आपल्या वायुदलाच्या कॅनबेरालाही तसेच करू का?

उत्तर : मुळीच नको. ती कॅनबेराची ब्रिटिश टी.१७ आवृत्ती. जुन्या कॅनबेरा बी.२ मध्ये बदल करून अशी २४ विमानं केली होती. ब्रिटिश वायुदल आणि नौदलाच्या संयुक्त ३६० स्क्वाड्रनमध्ये ती १९९४ पर्यंत होती. काम एकच : आपल्याच रडारवाल्यांचे पडदे जॅम करून त्यांना सराव देणं. आपलं बॉम्बर म्हणजे बी(आय)५८. ते १९५७ पासून आपल्याकडे आलं, आणि शेवटच्या कॅनबेरांना मे २००७ मध्ये आग्र्यात निरोप मिळाला. त्याचं नाक गुळगुळीत, त्यात नॅव्हिगेटर बसे, आणि वैमानिकाची काचेची टोपी मधोमध नसून डावीकडे सरकलेली. खोक्यावरच्या चित्रात टोपी मधोमध दिसली तर ते किट दुकानातच ठेवा.