कोरियात उकडलेल्या सोयाबीनचे ठोकळे कित्येक आठवडे टांगून ठेवतात, ते सडत कसे नाहीत? त्यात नक्की कुठले बॅक्टेरिया असतात?

सडतात की, फक्त आपल्याला हवं तसं. (मायक्रोबायोलॉजीवाला आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.)

त्या ठोकळ्यांना मेजू म्हणतात. पारंपरिक पद्धतीत ते भाताच्या पेंढ्याने बांधतात आणि सगळी गोम त्या पेंढ्यातच आहे, कारण बॅसिलस सबटिलिस या बॅक्टेरियाचे स्पोअर (कठीण कवचातली त्यांची झोपलेली रूपं) त्यावर आधीच बसलेले असतात, वेगळं विरजण कोणी लावत नाही. वरच्या सुकलेल्या भागावर अ‍ॅस्परजिलस, म्युकर असल्या बुरश्या, आत ओलाव्यात बॅसिलसचा धुमाकूळ आणि जोडीला एन्टेरोकॉकससारखी लॅक्टिक आम्ल करणारी बॅक्टेरिया मंडळी. हे सगळे प्रोटीन फोडून अमिनो अ‍ॅसिड करतात म्हणून ती चव येते, आणि त्यातच अमोनिया सुटतो म्हणून तो वास, जो घरात शिरल्या शिरल्या नाकात जातो.

मग ठोकळे धुऊन ओंगीत, म्हणजे मातीच्या रांजणात, साधारण १८ ते २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवतात. इथे सगळं चित्र पालटतं. बहुतेकांचा मिठापुढे टिकाव लागत नाही, पण टेट्राजेनोकॉकस हॅलोफिलस या बॅक्टेरियाला खारट पाणीच मानवतं, तो आता जोर धरतो. दीडदोन महिन्यांनी पाणी वेगळं काढलं की ते गांजांग, म्हणजे सोया सॉस, आणि उरलेला लगदा दोएनजांग, म्हणजे सोयाबीनची पेस्ट, तो पुढे महिनोन्महिने मुरतो.

आता दोएनजांगच्या डीएनए तपासणीत बॅसिलस भरपूर सापडतो आणि लोक लगेच प्रोबायोटिक म्हणून उड्या मारतात. पण एवढ्या मिठात त्यातले बरेचसे नुसते स्पोअर होऊन पडलेले असतात, खरं काम आधीच सोडलेल्या एन्झाइमचं चालू असतं. त्यात दोएनजांग बहुतेक वेळा उकळूनच खातात, मग जिवंत राहणार काय, तर तेच स्पोअर.

जिवंत बॅसिलसच बघायचा असेल तर चोंगुकजांग, म्हणजे झटपट आंबवलेलं सोयाबीन, बघा, मीठ न घालता ४० अंशांच्या आसपास दोनतीन दिवसांत होतं, चमच्याने उचललं की तारा सुटतात. सिक्कीमचं किनेमा आणि मणिपूरचं हवाईजार याच जातीचं.

घरी करणार असाल तर एक गोष्ट, बॅसिलस सेरियस नावाचा त्रासदायक भाऊबंदही याच वातावरणात वाढतो, शिवाय हिस्टामिन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन) साठू शकतं. मेजू कोरियात थंडीच्या तोंडावर करतात ते उगाच नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात तरी नादी लागू नका. दोएनजांगचा विकतचा डबा घेताय तर लेबल वाचा, गव्हाचं पीठ दिसलं तर बहुधा तो फॅक्टरीत अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी लावून केलेला असतो, त्यात वर सांगितलेली एवढी गर्दी सापडायची नाही.