नवरा येईल तेव्हाच गोळी चालेल का?

प्रश्न : वय २९, राहणार खानापूर तालुका. नवरा गोव्यात कामाला, महिन्यातून दोनदा घरी येतो. रोज गर्भनिरोधक गोळी घेण्यापेक्षा तो येईल तेव्हाच मेडिकलमधली ७२ तासांची, म्हणजे संबंधानंतर तेवढ्या वेळात घ्यायची गोळी घेतली तर? तशी चाचणीही झाली आहे म्हणतात.

उत्तर : चाचणी झाली आहे, आणि तुमच्यासारख्याच बायकांवर. महिन्यात जास्तीत जास्त सहा दिवस संबंध येणाऱ्या सुमारे ३३० जणींना जागतिक आरोग्य संघटनेने बँकॉक, सिंगापूर, ब्राझीलमधलं कांपिनास आणि हंगेरीतलं सेगेद इथे हीच गोळी, म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, संबंधाच्या आधी किंवा नंतर २४ तासांच्या आत दिली. साडेसहा महिने नोंदी ठेवल्या. निष्कर्ष २०१६ साली आले.

अशा चाचणीत शंभर जणींनी वर्षभर वापरलं तर किती जणींना दिवस जातील, ते मोजतात. सगळ्या वयोगटांत हा आकडा सात आला, पण पस्तिशीच्या आतल्यांत दहाच्या वर. तुम्ही त्यातच येता. विसरत-विसरत घेतलेल्या रोजच्या गोळीचा आकडाही सातच्या आसपास असतो, पण तिथे संबंध कितीतरी जास्त वेळा येतात. इथे महिन्याचे मोजके दिवस असूनही दहा, म्हणून मला हा भरवसा कमी वाटतो. तांबीचा आकडा एकपेक्षाही कमी आहे.

कारण साधं आहे. ही गोळी बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. बीज सुटलंच असेल, तर तिचा उपयोग नाही. शिवाय पाळी कधी लवकर, कधी लांबून येते, मधेच डाग लागतात, आणि मग दिवस गेलेत की काय या धास्तीत आठवडा जातो. वारंवार घेतल्याने मूल होत नाही, हा मात्र निव्वळ गैरसमज.

तुम्हाला मी छाया ही गर्भनिरोधक गोळी सुचवेन. तिच्यात हार्मोन नाही, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, मग तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. पुढे आठवड्यातून एकदाच. किंवा अंतरा, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. नवरा घरी असो-नसो, दोन्हीपैकी जे घ्याल ते चालूच ठेवायचं.

७२ तासांची गोळी अडचणीपुरती घरात असू द्या. जितकी लवकर घ्याल तितकी बरी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्या. टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर तिचा जोर कमी पडतो, डॉक्टरांना आधी सांगा. पाळी आठवडाभर लांबली, तर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा.